आमच्या गावातला गोरा

१३ जुलै, रविवार. भंडारदरा.
आजपासून लिहायला सुरुवात. डायरी कांद्याच्या बियाण्याच्या कंपनीची आहे. जानेवारी ते जून कोरी गेली. त्याचं वाईट वाटून घ्यायचं नाही. माणूस बदलतो तेव्हा पान कुठलंही चालतं.

झालं असं. मी आणि गोरक्ष (मित्र. गाडी त्याची, पेट्रोल माझं) रंधा धबधब्यावर रील काढायला आलो. धुक्यात धबधबा दिसेना, नुसता आवाज. आवाजाचं रील होत नाही. परत फिरलो तर एका हॉलमधून आमटीचा वास. आत तरुणांचं शिबिर. बॅनर : ‘स्वतःकडे बघूया’. गोरक्ष म्हणाला, "जेवान हाय, बस." बसलो.

जेवणाआधी एक जर्मन मुलगी बोलली. पुण्याच्या दिशाताई मराठीत सांगत होत्या. मुलगी म्हणाली, मी गोरी आहे म्हणून दुकानदार माझ्या मागेमागे फिरत नाही, पोलीस अडवत नाहीत, घर भाड्याने लगेच मिळतं. यासाठी मी काहीच केलं नाही, नुसती जन्मले. याला म्हणतात व्हाइट प्रिव्हिलेज. ते मी रोज तपासते.

मी हात वर केला. म्हणालो, पटलं, कारण मी सावळा आहे आणि लई सोसलंय. आईने दहावीपर्यंत बेसन-हळद चोळली. स्थळवाले फोटो बघून फोन उचलत नाहीत. हॉल हळहळला असं वाटलं.

दिशाताईंनी शांतपणे विचारलं, गावात घर कुठे? म्हटलं, मधोमध, मारुतीसमोर. जमीन? आहे. सोसायटीचा चेअरमन? थोरले चुलते. सरपंच? चुलती. पाण्याची टाकी कुणाच्या दारात? आमच्या. त्या म्हणाल्या, "मग तुमच्या गावातले गोरे तुम्हीच की."

हॉल हसला. मी नाही. माझ्या अंगावर काटा आला. एवढी वर्षं मी गोरा होतो आणि घरात कुणाला पत्ता नाही.

बाहेर आल्यावर गोरक्षला सांगितलं. म्हणाला, "आधी आरशात बघ."

संकल्प : प्रिव्हिलेज रोज तपासणे. आवाज नसलेल्यांचा आवाज होणे. गुटखा सोडणे (विषय वेगळा, पण एकदम होऊन जाईल).

१५ जुलै. घरी.
तपासायला सुरुवात घरापासून.

आधी वाटायचं, आमच्याकडे भेदभाव असणं शक्यच नाही, कारण आमच्याकडे दारच नाही. शिंगणापूर शेजारी. शनिदेव राखतो म्हणून आजोबांनी चौकट बसवली पण दार लावलं नाही. नुसता पडदा. कुणीही या. आल्यागेल्याला मी हे अभिमानाने दाखवत आलो.

आज ओसरीवर बसून निरीक्षण केलं. बरेच जण सरळ आत गेले. कुत्रंपण गेलं. मग रंगुमावशी आल्या. भीमनगरात, म्हणजे गावाबाहेरच्या दलित वस्तीत राहतात, आमच्या रानात खुरपायला येतात. चौकटीशी थांबल्या. वाऱ्याने पडदा पार बाजूला गेलेला, तरी थांबल्या. आईने खुरपं बाहेर आणून दिलं.

दार नसताना माणूस दारात कसा काय थांबतो? फार खोल प्रश्न आहे. विचार करता करता डोळा लागला.

१७ जुलै.
गुटखा अजून एक आठवडा. एका वेळी एकच क्रांती.

२० जुलै, रविवार.
भीमनगरात गेलो. सरळ गेलो, आडवाटेने नाही. रंगुमावशींची आरती शाळेत माझ्या वर्गात होती. सुप्याच्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये काम करून परत आलीय. अंगणात मोठी शेगडी घासत होती.

मी म्हणालो, आरती, माझ्या पूर्वजांच्या वतीने मी तुझी माफी मागतो. तिने विचारलं, कुठल्या पूर्वजाच्या, आणि काय केलं त्याने? म्हटलं, असं एक नाही, जनरल. ती म्हणाली, "बरं. सरक, पाय भिजंल."

मग तिनेच विषय काढला. शिंगणापूरच्या रस्त्याच्या कडेला तात्यांचे (माझे वडील) गाळे आहेत. एकात पूजेचं सामान, एकात रसवंती, एकात मोबाईलची कव्हरं. शेवटचा रिकामा. ती म्हणाली, "वड्याचा आन् चहाचा धंदा टाकायचाय. भाडं देनार, फुकट नको. पन तात्या म्हनतेत आपल्यातला मानूस बघतोय. तू एकदा त्यांच्या कानावर घाल. तेवीस ऑगस्टला शनि अमावस्या हाय, रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसती. त्याच्या आत गाळा मिळाला तर माझी गाडी रुळावर यील. न्हाई मिळाला तर मी परत कँटीनला. साहेबानं ऑगस्टअखेरपर्यंतच जागा धरून ठेवलीय."

मी म्हणालो, एवढंच?
म्हणाली, एवढंच.

जरा निराश झालो. वाटलं होतं काहीतरी मोठं मागेल. शब्द दिला.

२२ जुलै.
तात्यांशी बोललो नाही. चाळीत साठवलेला कांदा सडतोय, त्यांचा मूड नाही. अशा वेळी समतेचा विषय काढणं म्हणजे समतेवरच अन्याय.

२४ जुलै.
आज मूड होता. पण पाहुणे होते.

२५ जुलै, शुक्रवार.
श्रावण लागला. आज बोलायचं पक्कं होतं. गोरक्ष सकाळीच गाडी घेऊन आला, कोपरगावला त्याच्या मावसभावाचा साखरपुडा. संध्याकाळपर्यंत परत, म्हणाला.

२९ जुलै.
परत आलो. साखरपुडा झाल्यावर गोदावरीला पाणी आलंय म्हणून बघायला गेलो. तिथे एक जण भेटला त्याची ट्रॉली रुतली होती, ती काढली, मग त्याने जेवायला नेलं, मग त्याचा ऊस बघितला. माणसं जोडली जातात ती अशी.

आरतीचे मिस्ड कॉल दिसले. नेमका तेव्हा स्टेटस टाकत होतो : ‘बोलण्याआधी ऐकायला शिका.’ खूप जणांनी बघितलं. आरतीनेपण बघितलंय.

२ ऑगस्ट, शनिवार.
मोठा दिवस! शोध लागला.

ओसरीच्या बाहेरच्या कोनाड्यात एक स्टीलचा कप असतो, पालथा. लहानपणापासून बघतोय. आज एकदम पेटलं. आईला विचारलं, हा कप इथे का? म्हणाली, "तो बाहेरच्यांचा." म्हटलं, बाहेरचे म्हणजे कोण? बँकेचा साहेब बाहेरचाच होता, त्याला बशी लागली. आई म्हणाली, "सकाळी सकाळी डोकं नको खाऊ."

मी जाहीर केलं, आजपासून या कपातून मीच चहा पिणार. दुसऱ्या कुणाला या कपाचा अपमान सोसावा लागणार नाही. तात्यांनी पेपर खाली केला, माझ्याकडे बघितलं आणि पेपर वर केला. परिणाम झालाय.

आई म्हणाली, "मग धू तुझा तूच."

४ ऑगस्ट.
कप नीट चालू आहे. ओठाला जरा गरम लागतो. कपाचा फोटो टाकला. गोरक्षने खाली हसणाऱ्या तोंडांची रांग लावली. मोठ्या कामात जवळचेच आधी हसतात.

६ ऑगस्ट.
आज रंगुमावशी खुरपून आल्या. चहाची वेळ. आई कोनाड्याकडे गेली, कप नाही. कप माझ्याकडे, आत, अर्धा भरलेला. आई चौकटीतून म्हणाली, "कप न्हाई गं रंगू आज, कानिफानं घेतलाय." मावशी म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. त्याला लागत असंल." आणि चहा न घेता गेल्या.

बाकीचे कप मांडणीवर होते. आईच्या हाताला लागले नाहीत. मी उठून देणार होतो, पण माझा चहा निवत होता.

ही सिस्टीमची चूक आहे. एका माणसाने किती करायचं.

८ ऑगस्ट.
आरती रस्त्यात भेटली. म्हणाली, बोललास का? म्हटलं, वातावरण तयार करतोय. कपाबद्दल सांगितलं. म्हणाली, "कळलं. आई बिनचहाची आली." मग मी तिला मनापासून म्हणालो, तू आमच्या घरात यायला पाहिजेस. सरळ आत, स्वयंपाकघरापर्यंत. मी स्वतः उभा राहून नेतो. कुणी अडवलं तर मी आहे.

ती म्हणाली, "मला तुझ्या घरात न्हाई यायचं रे कानिफ. मला गाळ्यात जायचंय."

यावर विचार करण्यासारखं आहे. पण आत्ता नाही, उद्या राखी.

१० ऑगस्ट.
नवी कल्पना. त्यांना आपल्याकडे आणायचं हा गोऱ्याचाच विचार झाला. आपण तिकडे जायचं! त्यांच्या घरी जेवायचं. मंगळवार ठरवला. आरती म्हणाली, कशाला? म्हटलं, नातं सम पातळीवर यावं म्हणून. म्हणाली, "ये. आईला सांगते. पन त्याआधी तात्यांना..." तेवढ्यात गोरक्षने हॉर्न मारला.

१२ ऑगस्ट, मंगळवार. रात्री.
जेवणाचा कार्यक्रम उत्तम. एक छोटी अडचण.

अंगारकी होती.

मला काय माहीत! आई सकाळी म्हणाली, आज उपवास, चंद्र निघाल्यावर सोडायचा. अंगारकी मी नववीपासून मोडली नाही. गणपतीचं आणि माझं ते पर्सनल आहे. समतेशी त्याचा काडीचा संबंध नाही.

गेलो तर रंगुमावशींनी शेवग्याची आमटी, भाकरी, भात, वर खीर केलेली. सतरंजी टाकलेली. शेजारच्या दोन बायका नुसत्या बघायला आलेल्या. मी हात जोडून म्हणालो, मावशी, माझा उपवास आहे.

शेजारची एक बाई म्हणाली, "लागतोच म्हना."

मी सगळ्यांना नीट समजावलं, की हा उपवास अंगारकीचा आहे, तुमच्या घरी यायचं म्हणून धरलेला नाही. दोनदा समजावलं. मावशी म्हणाल्या, मग निदान खीर? खिरीत तांदूळ होता. केळी चालतात का, त्यांनी विचारलं. चालतात. आणि सुदैवाने मी भेट म्हणून घरून केळी नेली होतीच. त्यातली खाल्ली.

म्हणजे त्यांच्या घरी बसून मी माझ्या घरची केळी खाल्ली. लिहिताना वेगळं दिसतंय, तिथे बसल्यावर इतकं वाटलं नाही.

निघताना मावशी म्हणाल्या, "येत जा." आरती दोन ताटं परत भांड्यात ओतत होती.

घरी आलो. ढगात चंद्र दिसेना. आईने अंदाजाने सोडायला लावला. मला वाटतं नातं सम पातळीवर आलंय.

१५ ऑगस्ट, शुक्रवार.
झेंडावंदनानंतर ग्रामसभा. आरती सकाळी म्हणाली, "तुझ्यानं तात्यांना सांगनं व्हत न्हाई, तर ऱ्हाऊ दे. मी ग्रामसभेत अमावस्येपुरती रस्त्याकडंला हातगाडीची जागा मागते. पंचायतीनं ठरवलं तर मिळंल." मी म्हणालो, तू कशाला त्रास घेतेस, मी मांडतो. म्हणाली, "नको. मीच बोलते." मला तिची दया आली. किती शतकांची सवय, एकट्यानेच सगळं करायची.

सभेत तिने हात वर केला. तिच्याआधी मी उभा राहिलो. चुलती सरपंच, त्यामुळे मला कुणी बसवत नाही (हे प्रिव्हिलेज. जागच्या जागी तपासलं). जर्मनीपासून सुरुवात केली. गोरा कोण, काळा कोण, दार म्हणजे काय, चौकट म्हणजे काय. मुख्याध्यापक मान डोलावत होते. शेवटी म्हणालो, मी आवाज नसलेल्यांचा आवाज आहे. टाळ्या पडल्या.

तोवर जिलेबी आली. सभा संपली.

आरतीचा हात शेवटपर्यंत वर होता, असं गोरक्ष म्हणतो. मला व्यासपीठावरून तो कोपरा दिसत नव्हता. हातगाडीचा मुद्दा माझ्याकडून राहिला खरा, पण विषयाला उंची आली.

१८ ऑगस्ट, सोमवार.
आरतीने मेसेज केला : पाच दिवस राहिले. बाकी काही नाही.

रात्रभर झोप नाही. म्हणजे साडेबारापर्यंत. ठरवलं, उद्या काही झालं तरी.

१९ ऑगस्ट. सकाळ.
बोललो!!

तात्या गोठ्यात होते. म्हणालो, तात्या, तो शेवटचा गाळा...

तात्यांनी दाव्याची गाठ सोडली आणि वळले. चेहरा असा कधी बघितला नव्हता. म्हणाले, "आठवलं व्हय शेवटी? आगं ए मनकर्णे, भाईर ये, तुझं पोरगं धंद्याचं बोलतंय!" मग मला म्हणाले, "तुझ्यासाठीच ठेवला हुता येड्या. दोन जन मागून गेले. म्हनलं आपला कानिफ कधीतरी तोंड उघडंल."

आईने तिथेच डोळ्याला पदर लावला. किल्ली माझ्या हातात आली. चुलते फोनवर बोर्डवाल्याशी बोलायला लागले. आईने साखर घातली तोंडात.

वाक्य पूर्ण करायचं राहिलं. ‘गाळा आरतीला द्या’ एवढंच उरलं होतं. पण इतक्या आनंदात नाही म्हणणं ही एक प्रकारची हिंसाच ठरली असती, आणि मी अहिंसेचा आहे.

दुपार.
शांत डोक्याने विचार केला. झालं ते उत्तम झालं. प्रिव्हिलेज आता माझ्या हातात आलंय, म्हणजे ते चांगल्या कामाला लावता येईल. नाव : ‘समता टी सेंटर’. आरतीला मुख्य आचारी करायचं. डोक्यावर टोपीबिपी, मान राखून.

संध्याकाळ.
भीमनगरात गेलो. आरती कांदा निवडत होती. सगळं सांगितलं. मला वाटलं रडेल.

तिने कांदा ठेवला. म्हणाली, "म्हंजे वडा माझा, हात भाजनार माझे, गाळा तुझा, आन् नाव समतेचं."

मी म्हणालो, तसं नाही, तत्त्वतः आपण पार्टनर.

म्हणाली, "मग आत्ता चल. माझ्यासंगं. तात्यांना सांग, मी मागितला तो आरतीसाठी. एक वाक्य हाय, कानिफ. मी शेजारी उभी ऱ्हाते."

उन्हं उतरली होती. तात्या या वेळी पारावर असतात, चारचौघात. बोर्डाला रंग लागलेला. मी म्हणालो, अमावस्या होऊ दे. मग शंभर टक्के.

ती म्हणाली, "मला अमावस्येसाठीच तर पायजे हुता."

आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. रंगुमावशी आतून म्हणाल्या, "आरते, भाकरी टाकते, ये." ती गेली. मला कुणी सरक म्हणालं नाही तरी मी सरकलो.

२३ ऑगस्ट, शनिवार. शनि अमावस्या.
सकाळ. उद्घाटन. थोरल्या चुलत्यांनी नारळ फोडला. रस्ता माणसांनी काळा. तेल, रुईच्या माळा, घोड्याची नाल, सगळ्यांना चहा हवा.

चहा मी कधी केलेला नाही हे काल लक्षात यायला हवं होतं.

पहिलं पातेलं उतू गेलं. दुसऱ्यात साखर घातली की नाही आठवेना म्हणून परत घातली. गोरक्षने तळायला घेतले, तेलात वडे फुटले, कढईत नुसती भाजी पोहायला लागली. एक नाशिकचे काका म्हणाले, "बोर्डावर समता लिहिलंय, चहात पावडर लिवा."

दुपार. दूध नासलं. आईने घरून पाठवलेलं पिठलं विकलं. म्हणजे फुकट वाटलं.

संध्याकाळच्या आत शटर खाली घेतलं. शेजारचा पूजासामानवाला म्हणाला, "त्या आरतीला घ्यायला पायजे हुतं राव. ती येऊन गेलती माझ्याकडं, नुसती एवढी पुढची पायरी मागत हुती आजच्यापुरती. मी म्हनलं, मालकाला इचार. कानिफशेटला."

मालक. मला कुणी असं पहिल्यांदा म्हणालं. वाईट वाटायला हवं होतं, वाटलंपण, पण जरा उशिरा.

२६ ऑगस्ट.
तात्यांना सगळं सांगितलं. पूर्ण वाक्यात. त्यांनी बराच वेळ तंबाखू मळली. म्हणाले, "दे की मग तिला. भाड्याशी मतलब. पन मला एक सांग. तिला पायजे हुता म्हनून देतोस, का तुला जमंना म्हनून?"

प्रश्नाचा रोख कळला नाही. पण परवानगी मिळाली! ऐतिहासिक दिवस. शेवटी संवादानेच मार्ग निघतो. किल्ली तिच्या हातात द्यायची, चारचौघात, म्हणजे गावाला संदेश जाईल. गोरक्षला व्हिडिओ काढायला सांगितलंय.

भीमनगरात गेलो तर घराला कुलूप. शेजारची बाई म्हणाली, "मायलेकी घोडेगावला. बाजाराच्या रस्त्याला हातगाडी लावलीय आरतीनं. कँटीनला न्हाई म्हनून कळिवलं तिनं."

२९ ऑगस्ट, शुक्रवार. घोडेगाव.
सकाळी पोचलो. गोरक्ष आला नाही, त्याची गाडी घेऊन आलो. इस्त्रीचा शर्ट.

गाडा लांबूनच कळला, कारण गर्दी. कांद्याचे व्यापारी, टेम्पोवाले, बैलवाले. रंगुमावशी चहा गाळत होत्या, आरती तळत होती. नुसत्या वासाने भूक लागली.

मी सरळ पुढे गेलो. किल्ली डोक्यावर धरली आणि म्हणालो, आरती, गाळा मोकळा झाला, तुझा आहे. तिने झारा न थांबवता म्हटलं, "लाईनीत ये." म्हटलं, मी वड्यासाठी नाही आलो, न्यायाचा विषय आहे. मागून एक टेम्पोवाला म्हणाला, "न्याय नंतर कर भाऊ, आमी पहाटपासनं उपाशी हाय. मागं हो."

मागे झालो. लाईनीत उभा राहिलो. आयुष्यात लाईनीत उभं राहायचे प्रसंग कमीच आले, त्यामुळे आधी दोघे जण मधे घुसले, मग कळलं की पुढच्याच्या पाठीला चिकटून राहावं लागतं. ऊन चढलं. मनात भाषण जुळवत होतो. दारापासून सुरू करायचं की जर्मनीपासून, ते ठरेना.

नंबर आला. फळीवर किल्ली ठेवली आणि म्हणालो, आरती, आज मी...

ती म्हणाली, "काय पायजे?"

म्हणालो, गाळा. म्हणजे तुला. घे.

"मागं गिऱ्हाईक हाय, कानिफ. खायला काय पायजे ते बोल."

म्हणालो, एक वडा.

तिने कढई तिरकी करून दाखवली. संपले होते. मुद्दाम मलाच असं नाही, मागच्यांनापण दाखवली. मग किल्ली उचलून माझ्या हातात दिली, फडक्याने फळी पुसली आणि माझ्या खांद्यावरून मागच्याला विचारलं, "चहा किती?"